उभी मोटार आणि उतरती बॅटरी

वापरावांचून वस्तु नासते, हा अनुभव घरोघरचा आहे. उपसा नसलेल्या विहिरीचें पाणी कुजतें, भिंतीला टेकून ठेवलेला विळा गंजतो आणि पेटींत घालून ठेवलेलें वस्त्र कसरीच्या तोंडीं जातें. परंतु गंज आणि कसर हे बाहेरून येणारे शत्रु होत. मोटारीच्या बॅटरीचा शत्रु तिच्या पोटांतच वास करीत असतो. मोटार दारांत स्वस्थ उभी असली, तिला कोणीं हातहि लावला नाहीं, तरी बॅटरींतील शक्ति थेंबाथेंबानें गळत असते. आणि ज्या दिवशीं मोटारीची खरी निकड पडते, नेमक्या त्याच दिवशीं किल्ली फिरवितांच यंत्र ‘टक्’ असा एक आवाज करून गप्प बसतें. असें कां होतें, आणि पूर्वींच्या मोटारवाल्यांस ही अडचण एवढी मोठी कां वाटत नसे, हें समजण्यासाठीं थोडें मागें गेलें पाहिजे.

बुलढाणा जिल्ह्याच्या रचनेमुळें तेथें या प्रश्नाला विशेष महत्त्व आहे. वऱ्हाडचे दोन जुने भाग प्रसिद्ध आहेत: पूर्णेच्या खोऱ्यांतील सपाट, काळ्या मातीचा पायनघाट आणि अजिंठ्याच्या डोंगररांगेवरील उंच बालाघाट. हा जिल्हा त्या दोहोंत विभागलेला आहे. मलकापूर, नांदुरा, खामगांव, शेगांव हीं गांवें घाटाखालीं. बुलढाणा, चिखली, मेहकर, लोणार, सिंदखेडराजा हीं घाटावर. मुंबईहून नागपूरकडे जाणारी लोहमार्गाची वाट घाटाखालून गेली. खामगांवच्या कापसाच्या पेठेसाठीं जलंबपासून एक फांटा १८७० सालींच सुरू झाला. परंतु जिल्ह्याचें मुख्य ठिकाण जें बुलढाणा, तें डोंगरावर राहिलें आणि तेथें रेल्वे पोंचली नाहीं. मलकापूरचें स्टेशन तेथून सुमारें ४५ किलोमीटर, आणि वाटेंत राजूरचा घाट. अशा गांवीं रात्रीं-अपरात्रीं कोणी आजारी पडलें, तर दारांतील मोटार हाच पुष्कळदां एकमेव आधार असतो. ती चालू झाली नाहीं, तर तिची सारी किंमत त्या क्षणीं शून्य होते.

बॅटरीचा जन्म मोटारीच्या कितीतरी आधींचा आहे. इटलींतील व्होल्टा या शास्त्रज्ञानें १८०० सालीं जस्त व रुपें किंवा तांबें यांच्या चकत्या एकावर एक रचून सतत वाहणारा विद्युत्प्रवाह प्रथम मिळविला. परंतु त्याचा घट एकदां संपला कीं संपला. तो पुन्हां भरतां येत नसे. रिकामा झालेला घट पुन्हां भरण्याची युक्ति १८५९ सालीं गॅस्तों प्लान्ते या फ्रेंच शास्त्रज्ञाला साधली. त्यानें शिशाचे दोन पत्रे एकत्र गुंडाळून गंधकाम्लांत बुडविले. पुढें १८८१ सालीं कामीय फोर यानें शिशाच्या पत्र्यावर शिशाच्याच भस्माचा लेप दिला आणि बॅटरीची धारणशक्ति पुष्कळ वाढविली. आज बहुतेक मोटारींच्या बॉनेटखालीं जी पेटी असते, ती मूलतः प्लान्ते आणि फोर यांचीच होय.

गंमत अशी कीं, पहिल्या मोटारींना चालू होण्यासाठीं बॅटरीची फारशी गरजच नव्हती. समोर उभें राहून लोखंडी हँडल मारावयाचें आणि यंत्र फिरवावयाचें, अशी रीत होती. हें काम जोखमीचें असे. यंत्रानें उलट झटका दिला तर मनगट मोडे. हा धोका टाळण्यासाठीं अमेरिकेंत चार्ल्स केटरिंग यानें १९११ सालीं विजेवर चालणारा स्टार्टर सिद्ध केला आणि १९१२ सालच्या कॅडिलॅक मोटारींत तो बसविण्यांत आला. तेव्हांपासून मनुष्याच्या दंडाचें काम बॅटरीकडे आलें. तरीहि हँडल लगेच गेलें नाहीं. आपल्या देशांत अनेक वर्षें रस्त्यांवर दिसलेल्या ॲम्बॅसडर गाडीला हँडल लावण्याची सोय असे. बॅटरी उतरली तर हँडल होतें; हँडल नसेल तर चार शेजारी धक्का मारावयास होते. पुढें देशांतच बॅटऱ्या होऊं लागल्या. बंगालमधील श्यामनगर येथें १९४६ सालीं आणि आपल्या चिंचवड येथें १९६९ सालीं मोठे कारखाने निघाले. बॅटरी सुलभ झाली, हँडल अडगळींत गेलें, आणि मोटारवाला सर्वस्वीं बॅटरीच्या अधीन झाला.

आतां बॅटरीच्या पोटांत काय चालतें तें पाहूं. मोटारीच्या बॅटरींत सहा घर असतात आणि प्रत्येक घर सुमारें दोन व्होल्ट दाब देतें. म्हणून तिला बारा व्होल्टची बॅटरी म्हणतात. वीज बाहेर काढली म्हणजे दोन्ही पत्र्यांवर शिसें व गंधकाम्ल यांच्या संयोगानें एक पांढरा क्षार, म्हणजे लेड सल्फेट, जमतो आणि आम्ल पाणचट होतें. वीज पुन्हां आंत भरली कीं क्षार विरघळून सारें पूर्ववत् होतें. परंतु बॅटरी दीर्घकाळ रिकामी राहिली, तर या क्षाराचे बारीक कण मोठे व कठीण होतात आणि मग कितीहि वीज भरली तरी ते विरघळत नाहींत. दुधाचें दहीं झाल्यावर पुन्हां दूध होत नाहीं, तसाच हा प्रकार. म्हणून उतरलेली बॅटरी तशीच ठेवणें म्हणजे तिचें आयुष्य कापणें होय.

उभ्या मोटारींत ही वीज जाते कोठें? पहिली वाट बॅटरीच्या स्वतःच्या पोटांतली. कांहीं न जोडतांहि तिच्यांत मंद रासायनिक क्रिया चालू असते. पूर्वीं पत्र्यांच्या शिशाला बळकटी यावी म्हणून अँटिमनी हा धातु मिसळीत. त्यानें ही गळती वाढे. त्याऐवजीं कॅल्शियम वापरण्याची पद्धत रूढ झाल्यापासून ती बरीच कमी झाली आहे. दुसरी वाट मोटारींतील उपकरणांची. जुन्या गाडींत दिवे मालविले कीं घड्याळाखेरीज कांहीं जागें नसे. आजच्या गाडींत चोरीची सूचना देणारा भोंगा, दुरून दार उघडणारी किल्ली ओळखणारें यंत्र आणि इंजिनावर देखरेख करणारे छोटे गणकयंत्र हीं रात्रंदिवस अर्धवट जागीं असतात.

या जागरणाचा हिशेब साधा आहे. लहान मोटारीची बॅटरी सामान्यतः ३५ अँपिअर-तासांची असते. म्हणजे एक अँपिअर प्रवाह ती ३५ तास देऊं शकते. उपकरणें ५० मिलिअँपिअर, म्हणजे एका अँपिअरचा विसावा भाग, घेत असतील, तर दिवसाला १.२ अँपिअर-तास जातात आणि एकोणतीस दिवसांत बॅटरी कोरडी होते. हा खर्च निम्मा धरला, तरी महिन्याअखेर अर्धी बॅटरी संपलेली असते. याच्या उलट, स्टार्टर दीडशे अँपिअर प्रवाह घेऊन दोन सेकंद फिरला, तर अँपिअर-तासाचा अवघा बारावा हिस्सा खर्च होतो. म्हणजे मोटार एकदां चालू करण्यास जितकी वीज लागते, तितकी ती पावणेदोन तास नुसती उभी राहून गमावते. मोठा खर्च डोळ्यांना दिसतो आणि लहान खर्च घर बुडवितो, हा संसाराचा नियम येथेंहि खरा ठरतो.

यांत उन्हाळ्याची भर पडते. दर दहा अंश सेंटिग्रेडला रासायनिक क्रियेचा वेग अदमासें दुप्पट होतो, असा ठोकताळा आहे. २५ अंशांत बॅटरीची जी आंतली गळती असेल, ती ४५ अंशांत चौपट होते. वैशाखांत घाटाखालचा पारा ४५ अंशांपर्यंत चढतो, तर दोन हजार फुटांहून उंच असलेलें बुलढाणा त्या मानानें थंड राहतें. तेव्हां एकाच कारखान्यांतून एकाच दिवशीं निघालेल्या दोन बॅटऱ्यांपैकीं घाटाखालीं उन्हांत उभ्या मोटारींतील बॅटरी आधीं म्हातारी व्हावी, यांत नवल नाहीं.

या साऱ्याचा धडा १९२० किंवा १९५० सालीं नव्हे, तर २०२० सालीं साऱ्या देशाला एकदम मिळाला. त्या वर्षीं २५ मार्चपासून टाळेबंदी लागू झाली. ऐन उन्हाळ्यांत मोटारी आठवडेच्या आठवडे उभ्या राहिल्या आणि बाहेर पडण्याची मुभा मिळाली तेव्हां कितीतरी घरीं किल्ली फिरवून कांहीं उपयोग झाला नाहीं. मोटार बिघडली नव्हती. ती केवळ उभी होती.

आतां उपायांकडे वळूं. पुष्कळांची अशी समजूत आहे कीं, रोज पांच मिनिटें इंजिन नुसतें चालू ठेवलें कीं झालें. ही समजूत बरोबर नाहीं. मंद फिरणाऱ्या इंजिनावर वीज थोडीच निर्माण होते आणि ती दिवे, पंखा यांतच खर्ची पडते. शिवाय धुराच्या नळींत पाणी सांचतें तें निराळेंच. त्यापेक्षां आठवड्यांतून एकदां अर्धा तास मोटार चांगल्या वेगानें चालवून आणावी. बुलढाण्याहून चिखलीपर्यंत जाऊन आलें तरी हें काम होतें. मोटार चालविणेंच शक्य नसेल आणि आवारांत विजेची सोय असेल, तर भरणी पूर्ण होतांच आपोआप प्रवाह कमी करणारा चार्जर जोडावा. मात्र भरतांना बॅटरींतून पेट घेणारा हायड्रोजन वायु निघतो, म्हणून जागा मोकळी असावी आणि जवळ विडीकाडी नसावी.

महिना-दोन महिने परगांवीं जावयाचें असेल, तर सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे बॅटरीची तार सोडून ठेवणें. प्रथम काळी, म्हणजे ऋण बाजूची तार सोडावी आणि जोडतांना ती सर्वांत शेवटीं जोडावी. कारण मोटारीचा सारा लोखंडी सांगाडा ऋण बाजूला जोडलेला असतो. धन बाजू आधीं सोडूं लागल्यास पाना सांगाड्याला टेकतांच मोठी ठिणगी उडते. तार सोडल्यावर घड्याळ पुन्हां लावावें लागतें आणि चोरीचा भोंगा बंद राहतो, हें ध्यानांत असावें. तार सोडली तरी आंतली गळती थांबत नाहीं. म्हणून सोडण्यापूर्वीं बॅटरी पूर्ण भरलेली असावी आणि मोटार सावलींत असावी. कांहीं तास विसावलेल्या बॅटरीचा दाब मोजला असतां १२.६ व्होल्ट भरला तर ती पूर्ण भरलेली, १२.२ भरला तर अर्धी आणि १२ च्या खालीं गेला तर जवळजवळ रिकामी समजावी. ज्या बॅटरीला झांकणें असतील, तिच्यांत उन्हाळ्यांत डिस्टिल्ड वॉटर घालावें. नळाचें पाणी कदापि घालूं नये.

पेट्रोल जाऊन विजेच्या मोटारी आल्या म्हणजे ही कटकट संपेल, असेंहि कोणी म्हणतात. परंतु त्या मोटारींतहि दरवाजे, दिवे आणि मुख्य बॅटरीची कळ यांसाठीं बहुधा एक लहान बारा व्होल्टची बॅटरी असतेच. ती उतरली तर मोठी बॅटरी भरलेली असूनहि गाडी जागची हलत नाहीं. म्हणजे यंत्र बदललें तरी निगा राखण्याचें कर्तव्य कायम आहे.

तात्पर्य, बॅटरी ही धान्याच्या कणगीसारखी आहे. कणगी बंद आहे म्हणून निश्चिंत राहणारा शेतकरी घुशीचा हिशेब विसरतो. बुलढाण्यासारख्या डोंगरावरच्या गांवांत रुग्णाला घेऊन घाट उतरण्याची वेळ सांगून येत नाहीं. त्या रात्रीं किल्ली फिरवितांच मोटार चालू होईल कीं नाहीं, याचा निकाल त्या रात्रीं लागत नसतो. तो मागल्या महिन्यांतील अर्ध्या तासाच्या फेरींत किंवा सोडून ठेवलेल्या एका तारेंत आधींच लागलेला असतो.