कार्ड आपलं की कंपनीचं?

खेळाडूंची चित्रं जमवायचा नाद काही मोबाईलबरोबर आलेला नाही. इंग्लंडच्या विल्स सिगारेट कंपनीनं १८९६ मध्येच क्रिकेटपटूंच्या ५० कार्डांचा संच काढला होता. पाकीट कडक राहायचं आणि संच पुरा करायला गिऱ्हाईक परत त्याच दुकानात यायचं. १९७० च्या फुटबॉल विश्वचषकाला इटलीच्या पानिनीनं स्टिकरचा अल्बम आणला. आमच्या लहानपणी बबलगमबरोबर क्रिकेटपटू मिळायचे. मधल्या सुट्टीत अदलाबदल, भांडणं, सगळं व्हायचं. पण एकदा हातात आलेलं चित्र आपलं, त्यात कंपनीला काही विचारायचं नसायचं.

या 'आपलं'ची किंमत सांगणारा एक किस्सा आहे. अमेरिकेत टॉप्स कंपनीनं १९५२ मध्ये बेसबॉलची कार्डं काढली. न खपलेले खोके पुढे कंपनीनंच समुद्रात बुडवले, असं कंपनीतल्याच माणसानं सांगून ठेवलंय. कंपनीच्या लेखी तो कचरा होता. पण लोकांच्या घरात राहिलेली कार्डं टिकली, आणि त्या संचातलं मिकी मँटलचं एक कार्ड २०२२ मध्ये १ कोटी २६ लाख डॉलरला विकलं गेलं.

आता डिजिटल कार्डाकडे या. २०२० मध्ये 'एनबीए टॉप शॉट' आलं. बास्केटबॉलमधल्या एखाद्या क्षणाची चित्रफीत, तिला ब्लॉकचेनवर क्रमांक, आणि मालक तुम्ही! फेब्रुवारी २०२१ मध्ये लेब्रॉन जेम्सची अशी एक फीत २ लाख ८ हजार डॉलरला गेली. चित्रफीत यूट्यूबवर कुणीही फुकट बघू शकतं. विकत घेतली जाते ती फक्त मालकीची नोंद. पुढे भाव कोसळले, प्रकरण कोर्टात गेलं.

ड्राफ्टकिंग्जचं उदाहरण जास्त बोलकं आहे. जुलै २०२४ मध्ये त्यांनी आपला डिजिटल कार्डांचा बाजार आणि त्यावरचा खेळ एकदम बंद केला. कार्डं स्वतःच्या वॉलेटमध्ये हलवायची सोय दिली, पण ज्या खेळात ती वापरायची तो खेळच उरला नाही. टॉप्सनं माल बुडवला तेव्हा लोकांकडची कार्डं महाग झाली. इथं नेमकं उलटं झालं.

आपल्याकडे २०२२ मध्ये रारिओ, फॅनक्रेझ या कंपन्यांत मोठी गुंतवणूक आली. त्याच वर्षी १ एप्रिलपासून अशा मालमत्तेच्या नफ्यावर सरसकट ३० टक्के कर लागला. एका कार्डात तोटा झाला तर तो दुसऱ्याच्या नफ्यातून वजाही करता येत नाही. २०२३ मध्ये रारिओ आणि काही क्रिकेटपटू प्रतिस्पर्धी अ‍ॅपविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात गेले. खेळाडूंची नावं आणि आकडेवारी सर्वांसमोर खुली आहे, असं म्हणत न्यायालयानं अंतरिम मनाई नाकारली. म्हणजे 'अधिकृत परवाना' म्हणून जास्त पैसे मोजलेल्या कार्डाशेजारी, त्याच खेळाडूचं दुसरं कार्ड दुसरी कंपनी विकू शकते.

चाहत्याला 'सहभाग' देतो म्हणणाऱ्या फॅन टोकनचंही तसंच. बार्सिलोना क्लबचे सभासद मतदानानं अध्यक्ष निवडतात. २०२० मध्ये टोकन घेणाऱ्यांना मत मिळालं ते ड्रेसिंग रूमच्या भिंतीवर कुठलं चित्र काढायचं यावर!

मी या तंत्राच्या विरोधात नाही. हौसेला मोल नसतं, हे मान्य. पण हौस आणि गुंतवणूक यांची सरमिसळ करून विशीतल्या पोरांकडून पैसे घेतले जात असतील, तर माहिती सरळ मिळायला हवी. कंपनी बंद पडली तर कार्डाचं काय होणार, खेळाडूशी करार किती वर्षांचा आहे, अशी किती कार्डं काढली आहेत आणि पुढे किती काढणार, हे विक्रीच्या पानावर, ठळक अक्षरात आणि मराठीतही लिहायची सक्ती सरकारनं करावी. तोवर घरातली पोरं असं काही घेत असतील, तर पैसे भरण्याआधी त्यांच्याबरोबर बसून अटी वाचा.