गॅसचा वास कोठून आला?



आज मी गॅसच्या शेगडीविषयीं बोलणार आहें हें कळतांच आमच्या घरीं थोडा हंशा पिकला. जन्मभर मुलांना इतिहास-भूगोल शिकविलेल्या मास्तरानें स्वयंपाकघरांत काय पाहिलें असणार, असा त्या हंसण्याचा रोंख होता. परंतु चुलीलाहि इतिहास असतो. आणि या शेगडीच्या इतिहासांतील एक दुपार तर अशी आहे कीं, ती कोणत्याहि मास्तरास विसरतां यावयाची नाहीं. गॅस गळूं लागला कीं जो वास आपणांस सावध करतो, तो आपल्या सिलिंडरांतील गॅसला जन्मतः नाहीं. तो तेथें कसा आला, एवढेंच आज सांगावयाचें आहे.

दगडी कोळसा बंद भांड्यांत, हवा लागूं न देतां तापविला म्हणजे त्यांतून जळणारा वायु निघतो. विल्यम मर्डॉक या स्कॉटिश यंत्रज्ञानें १७९२ सालीं कॉर्नवॉलमधील रेडरुथ येथें आपलें घर या वायूनें उजळलें, आणि वीस वर्षांत लंडनला गॅस पुरविण्यासाठीं कंपनीस सनदहि मिळाली. दिव्यांतून हा वायु चुलींत यावयास मात्र वेळ लागला. जेम्स शार्प यानें १८२६ सालीं नॉर्दम्प्टन येथें गॅसच्या चुलीचें पेटंट घेतलें. परंतु अशा चुलीवरील अन्नास वास लागेल, तें बाधेल, अशी धास्ती लोकांस वाटे. पुढें १८५५ च्या सुमारास बुन्सेन या जर्मन रसायनशास्त्रज्ञाच्या प्रयोगशाळेंत वायु जळण्यापूर्वींच त्यांत हवा मिसळणारा दिवा तयार झाला. आपल्या शेगडीची निळी ज्योत ही त्या दिव्याचीच लेक. ती पिवळी पडून भांड्यांचीं बुडें काळीं होऊं लागलीं, तर हवा नीट मिसळत नाहीं असें समजावें व बर्नर साफ करून घ्यावा. गॅस महाग झाला म्हणून कुरकुरण्यापूर्वीं एवढें पाहावें.

आपल्याकडे कलकत्त्याच्या रस्त्यांवर १८५७ सालीं व मुंबईच्या रस्त्यांवर १८६५-६६ च्या सुमारास गॅसचे दिवे लागले. हा सारा कोळशाचा वायु. त्यांत कार्बन मोनॉक्साईड हें जबर विष असे; पण इतर द्रव्यांमुळें त्यास उग्र दर्पहि असे. म्हणजे घातकी खरा, परंतु वर्दी देऊन येणारा! तरी अपघात होतच. विलायतेंत गरिबांच्या घरीं पेनीचें नाणें टाकून गॅस घ्यावयाचें मीटर असे. नाण्यापुरता गॅस संपला कीं ज्योत विझे. चावी उघडीच राही. मागाहून दुसरें कोणी नाणें टाकी, आणि न पेटलेला गॅस निजलेल्या माणसांच्या खोलींत भरत जाई.

पुढें भूगर्भांतील नैसर्गिक वायु वापरांत आला. त्यांत तें विष नव्हतें. पण वासहि नव्हता. विष गेलें याचा आनंद साऱ्यांस झाला. वास गेला याची गंभीरता मात्र फार थोड्यांस उमगली.

अमेरिकेंत टेक्सस प्रांतांत न्यू लंडन नांवाचें गांव आहे. सभोंवार तेलाच्या विहिरी, त्यामुळें तेथील शाळा संपन्न. तेलाबरोबर निघणारा उरलासुरला वायु तिकडे फुकट जाळून टाकीत. बिलाचे पैसे वांचावे म्हणून शाळाचालकांनीं १९३७ च्या आरंभीं त्या वायूच्या नळास आपला नळ जोडून घेतला. तो कोठेंतरी गळूं लागला आणि इमारतीखालच्या पोकळींत वायु सांचत गेला. १८ मार्च १९३७, गुरुवार. दुपारचे तीन वाजून गेले होते. शाळा सुटावयास थोडाच अवकाश होता. कार्यशाळेंत लांकूड घासण्याचें विजेचें यंत्र कोणी सुरू केलें, त्याची ठिणगी पडली असें मानतात. एका क्षणांत इमारत उचलली गेली आणि कोसळली. सुमारें तीनशें जीव गेले. बहुतेक मुलें, आणि त्यांचे शिक्षक. तासाची घंटा होण्याची वाट पाहत बसलेला वर्ग मीं चाळीस वर्षें पाहिला आहे. त्यामुळें हें वाचतांना माझा हात पुस्तकावरच थांबला.

त्या इमारतींत शेंकडों नाकें होतीं. पण ओळखावयास वासच नव्हता. कांहीं आठवड्यांतच टेक्ससच्या विधिमंडळानें गॅसमध्यें दुर्गंधी द्रव्य मिसळण्याचा कायदा केला, आणि ती रीत पुढें दूरवर पसरली. हें द्रव्य गंधकयुक्त, मर्कॅप्टन जातीचें, लवमात्र पुरतें.

आपल्याकडे सिलिंडरचा गॅस १९५५ सालीं बर्मा शेल कंपनीनें मुंबईंत आणला. त्यांत प्रोपेन व ब्युटेन असतात, आणि ते हवेपेक्षां जड. म्हणून तो गळाला तर जमिनीलगत पसरतो; हवेच्या शंभर भागांत दोन भाग झाला तरी पेट घेऊं शकतो. नळानें घरांत येणारा नैसर्गिक वायु हलका, तो छताकडे जातो. पहिल्यास दार उघडावें लागतें, दुसऱ्यास वरची खिडकी. दोन्हीं उघडावीं हें उत्तम.

आमच्या घरीं गॅस आला १९७८ सालीं. आई आधीं काडी पेटवी, मग चावी फिरवी. उलट क्रम तिनें कधीं केला नाहीं. एका पावसाळ्यांत घरांत मेलेल्या उंदराचा वास येऊं लागला. दोन दिवस आम्हीं ट्रंका हलविल्या. तिसऱ्या रात्रीं ओट्याखालीं पाहावें म्हणून मीं दिव्याच्या बटणाकडे हात नेला, तों आईनें मनगट धरलें. “अरे, बटण नको. आधीं दार उघड.” रबरी नळी तडकली होती. सिलिंडर आणणाऱ्या माणसानें सांगितलेलें तिनें लक्ष देऊन ऐकलें होतें. तेव्हां मी वर्तमानपत्र वाचीत बसलों होतों.

आतां नळी पांच वर्षांनीं बदलतों, सांध्यांस साबणाचा फेस लावून बुडबुडे येतात का पाहतों, आणि निजतांना रेग्युलेटर बंद करतों. तक्रारीचा १९०६ हा दूरध्वनि क्रमांक दारामागें लिहिला आहे. परंतु साठीनंतर नाकाची धार बोथट होते, आणि एकाच वासांत बसून राहिलें कीं तरुणाचेंहि नाक तो वास टिपेनासें होतें. म्हणून बाहेरून येणाऱ्या माणसाच्या नाकावर माझा अधिक भरंवसा. आमच्या घरीं हें काम शाळेंतून परतणाऱ्या नातीकडे आहे. परवां तिनें विचारलें, “आजोबा, घालायचाच तर गुलाबाचा वास कां नाहीं घातला?” गुलाबाच्या वासाला भिऊन कोणी दार उघडणार नाहीं, असें मीं सांगितलें. न्यू लंडनची हकीकत तिला अजून सांगितलेली नाहीं. ती चौथींत आहे.