रोल धुवायचे किती?

गेल्या सुट्टीत साताऱ्याला आईचं कपाट आवरताना एक रोल सापडला. काळ्या प्लास्टिकच्या डबीत, पूर्ण काढलेला पण न धुतलेला. बाबांच्या कॅमेऱ्यातला शेवटचा. त्यात आजी आहे असं आईचं म्हणणं. आता बाबाही नाहीत आणि आजीही नाही. मी तो खिशात घालून इकडे अल खोरला घेऊन आलो. (विमानतळावर तो एक्स-रेमधून जाऊ नये म्हणून तिथल्या जवानाशी पाच मिनिटं हुज्जत!)

अल खोर म्हणजे दोह्याच्या उत्तरेला पन्नासेक किलोमीटरवरचं, एकेकाळी मोत्यांवर जगलेलं गाव. आता रास लफानच्या गॅसवर जगतं. इथल्या फोटो स्टुडिओत गेलो तर काउंटरवरचा मलयाळी भाऊ हसायलाच लागला. त्याच्याकडे फक्त व्हिसाचे फोटो. मग पुणे, मुंबई, दुबई, जर्मनी इथल्या लॅबचे दर मागवले आणि एक्सेलमध्ये कोष्टक केलं. सवय, दुसरं काय!

दरांत एवढा फरक का, हे मात्र कोष्टकातून कळेना. त्यासाठी मागे जावं लागलं.

मुळात धुलाईला वेगळा दरच नव्हता, कारण फोटो काढणाराच धुवायचा. अगदी १९१२-१३ मध्येसुद्धा दादासाहेब फाळक्यांच्या घरी फिल्मला भोकं पाडण्यापासून ती धुण्यापर्यंतची कामं सरस्वतीबाई करत होत्या. हौशी लोकांची सुटका मात्र आधीच, १८८८ मध्ये, कोडॅकने केली होती. २५ डॉलरचा कॅमेरा, आत १०० फोटोंचा रोल. संपला की अख्खा कॅमेराच कंपनीला पाठवायचा. १० डॉलरमध्ये फोटो, आणि नवा रोल भरून कॅमेरा परत. पुढे कंपनी रंगीत रोलच्या किमतीतच धुलाईचे पैसे घेऊ लागली. म्हणजे दुसऱ्या लॅबकडे जायची सोयच नाही. १९५४ मध्ये अमेरिकी सरकारच्या मक्तेदारीविरोधी खटल्यात झालेल्या तडजोडीने ही गाठ सोडवली, आणि स्वतंत्र लॅबना जागा झाली.

१९७२ मध्ये सी-४१ ही पद्धत आली. डेव्हलपर ३७.८ अंशांवर, वेळ सव्वातीन मिनिटं. तीच पुढे सगळ्या कंपन्यांच्या रंगीत निगेटिव्ह रोलना चालू लागली. १९७६ मध्ये जपानच्या नोरित्सूने दुकानात मावेल असं यंत्र आणलं आणि लॅब गल्लीत आली. आमच्या लहानपणी गावात धुवायचे वीस रुपये, एका कॉपीचे चार. छत्तीस कॉप्या काढल्या तर दुकानदाराची कमाई कॉप्यांतच, धुलाई जवळजवळ फुकट. आज कॉप्या कोणी काढत नाही, त्यामुळे सगळा खर्च धुलाई आणि स्कॅनवर येऊन पडतो.

शिवाय रसायन. डेव्हलपर वापराने दमतो आणि नुसता पडून राहिला तरी हवेने खराब होतो. रोज रोल येत असतील तर प्रत्येक रोलमागे थोडं ताजं द्रावण भरत राहतात आणि टाकी बरोबर राहते. रोल कमी, तर टाकी शिळी. म्हणून दर विचारण्याआधी 'आठवड्याला किती रोल धुता?' हे विचारावं. एकाने फोनच ठेवला. जर्मनीत पीएच.डी. करताना मी औषधं-साबणाच्या दुकानात पाकिटात रोल टाकायचो, आठ-दहा दिवसांत निगेटिव्हसकट परत यायचा, तोही स्वस्तात. गठ्ठ्याने धुलाई, म्हणून. अमेरिकेत तर काही मोठ्या दुकानांनी गेल्या दशकात निगेटिव्ह परत देणंच बंद केलं. तिथे दर कितीही कमी असला तरी माझ्या कोष्टकातून बाद.

डबीवर सी-४१ वाचून जीव भांड्यात पडला होता. कोडाक्रोम असता तर रंग विसराच. ते धुणारी कॅन्ससमधली शेवटची लॅब ३० डिसेंबर २०१० नंतर रोल घ्यायची थांबली.

पुण्यातल्या एका लॅबवाल्या काकांनी मात्र वेगळाच पेच टाकला. ते म्हणाले, "इतक्या जुन्या रोलचे रंग विटलेले असतील. कृष्णधवल रसायनात धुतला तर चेहरे येण्याची शक्यता जास्त, पण मग रंग कायमचे गेले. ठरवा." दर दोन्हीला सारखाच.

आईला फोन केला. ती म्हणाली, "साडी कोणती होती ते मला ठाऊक आहे रे. चेहरा येऊ दे."

रोल सध्या फ्रिजमध्ये लोणच्याच्या बरणीशेजारी आहे. कुरियरवर विश्वास नाही, नोव्हेंबरात स्वतः घेऊन जाणार आहे.