तहानंतरचीं वर्षें

इतिहासाच्या तासाला तह शिकवून झाला कीं विद्यार्थी वही मिटतात. आणि खरें सांगावयाचें तर इतकीं वर्षें आम्हीही त्यांच्याबरोबर पुस्तक मिटीत आलों. कलह अमुक दिवशीं पेटला, अमुक दिवशीं मिटला, प्रकरण संपलें, असा आमचा शिरस्ता. उत्तर आयर्लंडचा इतिहास वाचतांना मात्र ही मांडणी किती अपुरी आहे, हें आम्हांस कळून आलें.

तेथील प्रॉटेस्टंट व कॅथॉलिक समाजांतील जुन्या वैराचा १९६९ सालीं भडका उडाला. त्या ऑगस्टांत बेलफास्ट शहरीं, आमच्या मुंबईचेंच नांव लावणाऱ्या ‘बाँबे स्ट्रीट’वरील घरें जाळण्यांत आलीं, आणि शेजारच्या वस्त्यांमध्यें भिंती उभ्या राहिल्या. १९७२ च्या एका वर्षांत सुमारें ४८० माणसें मारलीं गेलीं. १० एप्रिल १९९८ रोजीं करार झाला. एकंदर बळींची संख्या साडेतीन हजारांच्या वर गेली. सारी लोकवस्ती पंधरा-सोळा लाखांची!

आतां एक विलक्षण गोष्ट पाहा. दंगलींच्या ऐन भरांत बेलफास्टमध्यें विषण्णतेचे रोगी कमी झाल्याचें लायन्स या मानसोपचारतज्ज्ञानें १९७२ सालीं दाखविलें होतें. मग शांतता आल्यावर मनें अधिकच निवावींत, ही अपेक्षा स्वाभाविक होती. घडलें तें उलट. १९९८ नंतरच्या दहा-बारा वर्षांत आत्महत्यांचें प्रमाण जवळजवळ दुप्पट झालें. बेलफास्टच्या क्वीन्स विद्यापीठांतील समाजशास्त्रज्ञ माइक टॉमलिन्सन यांनीं मृतांचीं वयें तपासलीं, तेव्हां हें प्रमाण सर्वांत अधिक व सर्वांत वेगानें वाढलेलें आढळलें तें १९६९ ते १९७७ या भीषण वर्षांत लहानाची मोठी झालेल्या पिढींत.

आत्महत्येला एकच कारण कधीं नसतें, आणि त्या गल्ल्यांतलीं बहुसंख्य मुलें अशा टोकाला गेलीं नाहींत, हें आम्ही विसरत नाहीं. तथापि एवढें म्हणतां येईल कीं, मोठ्यांना त्या काळांत निदान एक बाजू होती, संताप व्यक्त करण्यास वाट होती; मुलाच्या वांट्यास केवळ भय आलें. कोणासमोर काय बोलावें याचीही जेथें धास्ती, तेथें मूल प्रथम गप्प बसावयास शिकतें. करारानें बंदुका खालीं ठेवल्या. मुलानें गिळलेले शब्द कांहीं त्यानें परत आणून दिले नाहींत.

१९७२ सालीं दहा वर्षांचा असलेला मुलगा करार झाला तेव्हां छत्तीस वर्षांचा होता. त्याचीं स्वतःचीं मुलें कदाचित् शाळेंत जात असतील. यापुढें वर्गांत तहाची तारीख सांगितल्यावर आम्ही हा हिशेब फळ्यावर मांडणार आहों, आणि त्यानंतरच पुस्तक मिटणार आहों.