सपोर्ट कधी बंद करावा?

मंडळी, आज थोडा इतिहास. पण राजेरजवाड्यांचा नव्हे, संगणकाचा!

८ एप्रिल २०१४ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज एक्सपीचा सपोर्ट बंद केला. एक्सपी २००१ सालची, म्हणजे साडेबारा वर्षं झाली होती. फायरफॉक्स हा मुक्तस्रोत ब्राउझर मात्र त्यानंतरही २०१८ पर्यंत एक्सपीला सांभाळत राहिला. घरमालकाने दार लावलं तरी शेजाऱ्याने ओसरी उघडी ठेवली म्हणा ना. पण एक दिवस तीही बंद झालीच. हा दिवस कोणता, ते कसं ठरवायचं?

बंद करणाऱ्यांची कारणं खोटी नसतात. जुन्या प्रणालीला धरून राहायचं तर प्रत्येक बदल तिथेही तपासावा लागतो, नव्या सोयी वापरता येत नाहीत, आणि काम करणारे बरेचसे स्वयंसेवक. लिनक्सचा जन्म १९९१ साली इंटेलच्या ३८६ प्रोसेसरवर झाला. त्याच ३८६ ला डिसेंबर २०१२ मध्ये लिनक्सने निरोप दिला आणि लिनस टोरवाल्ड्स यांनी हळहळही केली नाही. ज्या पाळण्यात वाढलो तोसुद्धा कधीतरी माळ्यावर टाकावा लागतोच.

आपल्या मराठीला तर यात फायदाच झाला. विंडोज ९८ ला युनिकोड देवनागरी नीट पेलत नसे. इंदापूरकडच्या शाळेत आम्ही प्रश्नपत्रिका टाइप करायचो. दुसऱ्या संगणकावर तोच फाँट नसला की नुसती अक्षरांची खिचडी! विंडोज २००० बरोबर र. कृ. जोशींनी घडवलेला 'मंगल' फाँट आला. जुन्या प्रणाली मागे पडत गेल्या तसं युनिकोड रुळलं. म्हणूनच आज तुम्ही हे कुठल्याही फोनवर वाचू शकता.

पण त्या जुन्या फाइलींचं काय? इथे मला मोडीची आठवण होते. १९१७ मध्ये मुंबई सरकारने कारभारात मोडीऐवजी बाळबोध आणायचं ठरवलं. शाळांतून मोडी पुढे काही दशकं शिकवली गेली, मग तीही थांबली. आणि २०२३ मध्ये कुणबी नोंदी शोधायची वेळ आली तेव्हा मोडी वाचणाऱ्यांची शोधाशोध सुरू झाली. लिपी बंद करता येते हो, दप्तरं कशी बंद करणार?

दुसरी गोष्ट मोजणीची. जुनी प्रणाली किती जण वापरतात, ते फायरफॉक्सवाले मोजतात. विंडोज ७ आणि ८.१ साठीची मुदत सप्टेंबर २०२४ मध्ये संपायची होती. वापरणारे बरेच उरलेत हे पाहून ती वाढवली. चांगलंच केलं. पण मोजणी होते ती इंटरनेटला जोडलेल्या संगणकांची. देणगीत आलेला, कनेक्शन नसलेला शाळेतला संगणक त्या आकड्यात येतच नाही. बारामती-इंदापूरच्या माणसाला हे वेगळं सांगायला नको. नीरा डावा कालवा १८८५ पासून वाहतोय, पण वरच्या अंगाला पाणी मोजून टेलच्या शेतकऱ्याचं रान भिजलं की नाही ते कळत नाही!

मुक्तस्रोत आहे, ज्याला हवं त्याने स्वतः चालू ठेवावं, असंही म्हणतात. तसं घडलंही आहे. फायरफॉक्सने २०११ मध्ये ॲपलचे जुने पॉवरपीसी मॅक सोडले, तेव्हा एका गृहस्थांनी 'टेनफोरफॉक्स' नावाने ते काम २०२१ पर्यंत जवळजवळ एकहाती रेटलं. त्यांना नमस्कार! पण आमच्या खेड्यातला मास्तर हे कुठून करणार? सोर्स कोड हाती असणं वेगळं आणि तो वाचता येणं वेगळं.

म्हणून माझ्यापुरत्या तीन अटी. सपोर्ट बंद करणार हे वर्षभर आधी, साध्या भाषेत सांगावं. शेवटची चालणारी आवृत्ती उतरवून घेण्यासाठी कायम ठेवावी. आणि जुनी फाइल नव्यात उघडली पाहिजे. एवढं केलं तर खुशाल बंद करा. स्वयंसेवकांनी जन्मभर आमचं ओझं वाहावं असं कोण म्हणेल? पण तिसरी अट पाळली नाही तर शंभर वर्षांनी कुणाला तरी आपल्या फाइलींसाठी पुन्हा मोडी वाचक शोधावे लागतील.

तुमचं काय मत? मुंबई-पुण्याची आणि परदेशातली भाचरंही सांगा बरं का!