खेळांतील चलच्चित्रें आणि त्यांची किल्ली

संगणकावरील खेळांत मधून मधून कथा पुढें नेणारीं लहान चलच्चित्रें येतात. कित्येकदां खेळाच्या आरंभीं पर्यायांची यादी दिसते, तिच्यामागेंही असेंच एखादें चित्र हलत असतें. हीं चित्रें तबकडींत कशीं मावलीं, आणि मावल्यावर त्यांचें काय झालें, हें आज पाहूं.

१९८३ सालीं ‘ड्रॅगन्स लेअर’ हा खेळ निघाला. डॉन ब्लूथ यांच्या मंडळींनीं काढलेलीं त्यांतील चित्रें लेसर तबकडीवर होतीं; पण तो खेळगृहांतील यंत्राचा थाट. घरच्या संगणकाची अडचण साध्या गुणाकारानें कळते. ३२० गुणिले २०० ठिपक्यांचें, २५६ रंगांचें एक चित्र ६४,००० बाइट जागा घेतें. सेकंदास अशीं १५ चित्रें म्हणजे ९,६०,००० बाइट. आरंभीची सीडी-रॉम मात्र सेकंदास सुमारें दीड लाख बाइटच देई. शिवाय ६५० मेगाबाइटांची अख्खी तबकडी अकरा-बारा मिनिटांत संपली असती!

तेव्हां चित्र आंवळणें प्राप्त झालें. १९९३ सालच्या ‘द सेव्हन्थ गेस्ट’ या दोन तबकड्यांच्या खेळाकरितां ट्रायलोबाइट कंपनीनें स्वतःची पद्धति योजिली. पुढील वर्षीं रॅड गेम टूल्स या कंपनीचें ‘स्मॅकर’ आलें, तें अनेक कंपन्यांनीं स्वीकारलें. त्याची युक्ति सुबोध आहे. चित्राचे चार गुणिले चार ठिपक्यांचे चौकोन पाडावयाचे. जो चौकोन बदलला नाहीं तो पुन्हां लिहावयाचा नाहीं. जो एकाच रंगाचा, त्याचा रंग एकदांच नोंदवावयाचा. वारंवार येणाऱ्या गोष्टीस आंखूड खूण द्यावयाची. मोर्सच्या लिपींत इंग्रजी ‘ई’ला एकच टिंब आहे, तशी. १९९९ सालीं त्याच कंपनीनें २५६ रंगांची मर्यादा ओलांडणारें ‘बिंक’ काढलें. २०२१ मध्यें ती कंपनी एपिक गेम्सनें विकत घेतली.

परंतु या युक्तीला दुसरीही बाजू आहे. पद्धति खासगी असली कीं चित्र उलगडण्याची किल्ली मालकाच्या हातीं राहते. जुने खेळ नव्या यंत्रांवर चालावेत म्हणून २००१ सालीं ‘स्कम-व्हीएम’ हा उपक्रम सुरू झाला. १९९६ च्या ‘ब्रोकन स्वोर्ड’ खेळाचीं चित्रें स्मॅकरमध्यें होतीं. तीं त्याला प्रथम उघडतां येईनात. रेव्होल्यूशन या निर्मात्या कंपनीच्या संमतीनें तीं दुसऱ्या स्वरूपांत उतरवून वांटावीं लागलीं. पुढें स्वयंसेवकांनीं स्मॅकरच्या फायलींची रचना अभ्यासून तिचा उलगडा केला आणि ती विद्या सर्वांस खुली केली.

मोडी कागद दप्तरांत सुखरूप असला, तरी मोडी वाचणारा नसेल तर तो मुकाच राहतो. या चित्रांचेंही तसेंच आहे. तबकडी जपली म्हणजे कृति जपली असें नव्हे. ती वाचण्याची विद्याही जपली पाहिजे. ज्यांनीं फुरसतीचे तास वेंचून ही विद्या उलगडली, त्यांनीं केवळ खेळ वांचविले नाहींत. एका पिढीची कला वांचविली आहे.