शब्दवेध : किण्व

वारणानगरात गळीत हंगाम सुरू झाला आणि मळीचा आंबूस-गोड दर्प वाऱ्यावर आला, की ‘किण्व’ हा शब्द मला हटकून आठवतो. शालेय विज्ञानाने ‘किण्वन’ एवढेच रूप आपल्या हाती ठेवले. परंतु मूळचे किण्व म्हणजे आंबण्याची क्रिया नव्हे, तर ती घडविणारा पदार्थ, मद्याचे जणू विरजणच. कौटिल्याच्या सुराध्यक्ष-प्रकरणात त्याची कृती आहे : एक द्रोण उडदाचा कल्क, कच्चा वा शिजविलेला, त्याहून तृतीयांशाने अधिक तांदूळ आणि मोरटादी वनस्पती कर्ष-कर्ष. रात्री वाटून ठेवलेल्या उडीद-तांदळाच्या पिठावरचे झाकण सकाळी उचलावे, बुडबुडे फुटताना ऐकावेत, आणि कौटिल्य शेजारघरचाच वाटावा!

मनुस्मृतीने चोरीच्या जिनसांत किण्वाला सूत, कापूस, शेण व गूळ यांच्या पंगतीस बसविले आणि दंड किमतीच्या दुप्पट ठेवला. कोशकारांनी तर त्याचा ‘पाप’ असाही अर्थ नोंदविला.

बिअरचे तंत्र कौटिल्याच्या त्या कृतीहून फार निराळे नाही. मोड आणून वाळविलेला सातू भरडून सुमारे ६५ अंशांच्या कढत पाण्यात मुरविला, की पिष्टाची साखर होते. तो रस हॉप्सच्या कडवट फुलांसह उकळून निवविल्यावर त्यात यीस्ट, म्हणजे किण्वच, सोडावयाचे. कौटिल्याने गृहस्थांना घरच्या कार्याप्रसंगी श्वेतसुरा करण्याची मोकळीक दिली होती. आमच्याकडे मात्र १८७८ चा आबकारी कायदा आला, पुढे १९४९ चा दारूबंदी कायदा, आणि विनापरवाना घरगुती भट्टी हा सरळ गुन्हा ठरला. ‘आबकारी’तला ‘आब’ म्हणजे फारसीत निव्वळ पाणी.